स्फटिक घेताना आधी पाठ बघा

कोल्हापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: नैसर्गिक स्फटिकांचा संग्रह सुरू करायचा आहे, हाताशी दहा हजार रुपये आहेत. एका विक्रेत्यानं फोनवर दोन फोटो पाठवले आहेत. एकात पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले गडद निळे गोळे आहेत, 'पुण्याचा कॅव्हनसाइट' म्हणून. दुसऱ्यात लोकरीच्या गुंडीसारखा गुलाबी गोळा आहे. हे घ्यावेत का? अस्सल कसं ओळखायचं? आणि आपल्याच जिल्ह्यातल्या खाणींत काही मिळेल का?

गुलाबी गोळ्याचा निकाल लगेच लागतो. तो ओकेनाइट आहे आणि ओकेनाइट निसर्गात पांढराच असतो, फार तर किंचित पिवळट. गुलाबी, निळा, पोपटी अशा रंगांत जो विकला जातो तो बुडवून रंगवलेला. दगड खरा, रंग खोटा. शोभेची वस्तू म्हणून कुणी घेतला तर घेवो, संग्रहात त्याला जागा नाही. तोच पांढरा, न दबलेल्या केसांचा मिळाला तर जरूर घ्या. मात्र बोट लावून बघायचा मोह आवरा. ते केस एकदा आडवे झाले की परत उभे राहत नाहीत.

निळ्याचं प्रकरण वेगळं. कॅव्हनसाइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांचं खनिज, नावही त्यातूनच जोडलेलं. त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून आले. त्यामुळे माल खरा असण्याची शक्यता चांगली आहे. गफलत होते ती बैठकीत. सुटा पडलेला निळा गोळा स्वस्त जातो, पांढऱ्या स्टिल्बाइट या खनिजावर बसलेला महाग. मग सुटा गोळा डिंकानं बसवायचा मोह कुणालाही होईल. फोटोत समोरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून विक्रेत्याकडे आधी तीन गोष्टी मागा: पीसच्या पाठीचा फोटो, निळा गोळा जिथे पांढऱ्याला टेकतो त्या सांध्याचा जवळून फोटो आणि उन्हात पांढऱ्या कागदावर पीस फिरवून काढलेला व्हिडिओ. कागद यासाठी की फोनमध्ये रंग चढवलेला असेल तर कागदही निळसर दिसतो आणि चोरी पकडली जाते. एवढं मागितल्यावर विक्रेता कुरकुर करू लागला तर तिथेच थांबा.

सांध्यात काय बघायचं? नैसर्गिक वाढीत निळे आणि पांढरे स्फटिक एकमेकांत घुसलेले असतात. गोळ्याच्या कडेनं स्टिल्बाइटची पाती अखंड उभी राहिलेली दिसतात, कधी एखादं पातं निळ्यावरही चढलेलं असतं. चिकटवलेल्या पीसमध्ये गोळ्याखालची पाती चिरडलेली असतात आणि भोवती चकचकीत ओला वाटणारा कडा दिसतो. तो झाकायला कधी पांढऱ्या स्फटिकाचा चुरा भुरभुरलेला असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तेच, याला पुरेसं आहे. अंधारात अतिनील टॉर्चही मारून बघा. बरेच डिंक निळसर पांढरे चमकतात. फक्त एक ध्यानात ठेवा, कॅल्साइट आणि अ‍ॅपोफिलाइटही कधीकधी चमकतात. अख्खा स्फटिक उजळला तर घाबरू नका, सांध्यापुरती बारीक रेघ उजळली तर मात्र तो डिंक. कडेला अ‍ॅसिटोनचा बोळा लावल्यावर भाग मऊ पडला तरी तेच उत्तर. रंगवलेल्या दगडाचा रंगही बऱ्याचदा याच बोळ्यावर उतरतो आणि भेगांमध्ये तो बाकी अंगापेक्षा गडद दिसतो.

तुटलेला पीस चिकटवून विकणं हा गुन्हा नाही, ते न सांगणं ही फसवणूक आहे. 'दुरुस्त केलेला' असं बिलावर लिहून कमी दरात मिळत असेल तर खुशाल घ्या.

बाजारात नेहमी भेटणाऱ्या आणखी काही गोष्टी. लालभडक नारिंगी 'सिट्रिन'चा झुबका, ज्याचा बुंधा पांढराफटक आणि फक्त टोकं भाजल्यासारखी असतात, तो बहुतेक वेळा भट्टीत तापवलेली जांभळी गार (क्वार्ट्झ), म्हणजे अ‍ॅमेथिस्ट असतो. नैसर्गिक सिट्रिन फिकट, धुरकट पिवळा असतो. इंद्रधनुषी चमकणारी गार म्हणजे गारेवर धातूची वाफ बसवलेली. पायऱ्यापायऱ्यांचा रंगीत बिस्मथ माणसानं वितळवून घडवलेला असतो. टपोरे, गडद निळे, पारदर्शक 'चाल्कॅन्थाइट' बहुतेक घरी वाढवलेला मोरचूद असतो. पाठीवर पाण्याचा थेंब ठेवा, थेंब निळा झाला की तो पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे एवढं नक्की. मग हात धुवा, मोरचूद विषारी आहे. पोकळ गारेच्या आत रंगीत तुरटी वाढवून विकणारेही आहेत.

आपल्या भागात एक खास चकवा आहे. शिरोली, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फाउंड्र्या आहेत आणि त्यांचा स्लॅग (धातू वितळवताना उरणारा काचेसारखा मळ) भरावात, रस्त्याकडेला पडलेला असतो. हिरवा, निळा, काळा, काचेसारखा चमकदार. मुलं तो 'रत्न' म्हणून घरी आणतात आणि कधीकधी तो ज्वालामुखीची काच म्हणून विकायलाही येतो. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात, फोडल्यावर शिंपल्यासारखी वक्र फूट मिळते आणि आत लोखंडाचे बारीक मणी असतील तर चुंबक धरतो. स्फटिकाच्या सपाट बाजू मात्र कुठेच सापडत नाहीत.

स्फटिकाची माळ, पिंड, गोळा यांत गार आहे की काच, हा प्रश्न सतत येतो. हाताला थंड लागतो म्हणजे खरा, हे अर्धसत्य आहे. घनता मोजा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल, हुपरी किंवा गुजरीतल्या कुठल्याही चांदीच्या कारागिराकडे असतो. आधी वस्तूचं कोरडं वजन घ्या. समजा ५३.० ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, दोरा हातात धरूनच ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तितके घन सेंटीमीटर वस्तूचं आकारमान. आकडा २०.० आला तर ५३.० भागिले २०.० म्हणजे २.६५. ही गार. साधी काच २.५ च्या आसपास असते, म्हणजे तेवढ्याच वजनाला आकडा २१ च्या वर गेला असता. शिसं घातलेली भारी काच ३ च्या पुढे जाते. या मोजणीत चूक बहुधा एकाच कारणानं होते: वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे. ते आकारमान फुगवतात आणि खरी गारही काचेसारखी वाटू लागते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, वस्तू ब्रशनं ओली करून घ्या, मग मोजा. १० ग्रॅमपेक्षा लहान वस्तूला ०.१ चा काटा पुरत नाही, ०.०१ चा लागतो. माळ असेल तर आधी ओवलेला धागा आणि मधले धातूचे मणी काढा, नाहीतर हिशेब चुकणारच.

आता आपल्या जिल्ह्याकडे. कोल्हापूरचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत गरम पाणी फिरून गार, कॅल्साइट, झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजं, स्टिल्बाइट त्यांतलंच) जमले. पण जळगाव, नाशिक, वाघोलीसारखे मोठे, रंगीत झुबके इथे मिळतील अशी आशा धरू नका. इथल्या पोकळ्या बहुतेक लहान आणि माल पांढरा. सुरुवातीला ओळख पक्की करायला मात्र तो उत्तम, फुकट आणि हाताखालचा.

कुठे बघायचं ते खडक सांगतो. खडी क्रशरवाल्याला हवा असतो तो घट्ट काळा पाषाण, आणि त्यात पोकळ्या नसतात. आपल्याला हवा तो विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. क्रशरवाला तो बाजूला टाकतो, विहिरीवाला काठावर. म्हणून नव्या विहिरीच्या काठावरचा ढिगारा ही सर्वांत सुरक्षित आणि सोपी जागा, शेतकऱ्याला विचारून. पन्हाळ्याच्या माथ्यावर, मसाई पठारावर मात्र जांभा आहे. पावसानं त्यातली सिलिका कधीच धुऊन नेली, तिथे झिओलाइट शोधणं म्हणजे वाळूत साखर वेचणं. शाहूवाडी, राधानगरीकडचा बॉक्साइटही तसाच, स्फटिकांसाठी निरुपयोगी.

चालू दगडखाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंगाच्या दिवशी जाऊ नका. उभ्या कड्याखाली थांबू नका. वायर किंवा न उडालेला सुरुंग दिसला की मागे फिरा आणि खाणवाल्याला सांगा. राधानगरी अभयारण्यात आणि किल्ल्यांवर काहीही उचलायचं नाही. परवानगीशिवाय गौण खनिज काढलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. खिशातल्या गारगोटीसाठी तहसीलदार मागे लागणार नाहीत, पण पोती भरायला लागलात तर लागतील.

बाय द वे, भुदरगडातल्या गारगोटी गावाचा आणि सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतल्या 'गारगोटी' खनिज संग्रहालयाचा नावापलीकडे संबंध नाही, तरी लोक गोंधळतात. पहिला महागडा पीस घेण्याआधी सिन्नरची एक फेरी करा. चांगला पीस कसा दिसतो हे डोळ्यात बसल्याशिवाय दराचा अंदाज येत नाही.

पोकळी सापडली की घाई नडते. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अ‍ॅपोफिलाइट हे सगळे ठरावीक सपाट प्रतलात सहज फुटणारे, पोकळीजवळ घण मारला की झुबका आतल्या आत निखळतो. स्फटिकांभोवती निदान तीन-चार सेंटीमीटर खडक सोडा, दगड वाळूच्या पोत्यावर पालथा ठेवा आणि छिन्नीनं पाठीकडून चहूबाजूंनी आधी उथळ चर पाडा. एका जागी जोरात मारण्यापेक्षा फिरत फिरत हलके घाव घाला. किलोभराचा हातोडा पुरे. डोळ्यांवर गॉगल हवाच, बेसाल्टची कपची पात्यासारखी उडते.

पांढऱ्यांतला फरक असा. काच ओरखडली तर गार, तिचा कठीणपणा ७ (मोह्सच्या १ ते १० मापावर). तिचे खांब षट्कोनी आणि बाजूंवर आडव्या रेघा. अ‍ॅपोफिलाइट चौकोनी, रेघा उभ्या, सपाट टोकावर मोत्यासारखी झाक, वरून बघितलं तर माशाच्या डोळ्यासारखा चमकतो. त्याचा कठीणपणा ४.५ ते ५, काच ओरखडत नाही. स्टिल्बाइट मध्ये बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा दोन्हीकडे फुलतो. ह्यूलंडाइटची वडी मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती. कॅल्साइटला कठीणपणा ३, त्याच्या खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. स्फटिकावर थेट टाकू नका, चकाकी जाते. पांढऱ्या काड्या काही दिवसांत आपोआप भुगा व्हायला लागल्या तर तो लॉमोंटाइट. कोरड्या हवेत त्यातलं पाणी निघून जातं.

पाण्याचं हे प्रकरण सगळ्याच झिओलाइटांना लागू आहे. स्वीडनच्या क्रोन्स्टेटनं १७५६ मध्ये झिओलाइट हे नाव दिलं ते 'उकळणारा दगड' या अर्थानं, कारण तापवल्यावर त्यातलं पाणी फसफसत बाहेर पडलं. म्हणून गरम पाण्यात धुणं नको, हेअर ड्रायरनं वाळवणं नको आणि सोनाराच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकणं तर अजिबातच नको.

साफसफाईत आधी सुका मऊ ब्रश आणि फुंकर. मग साधं पाणी, शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा, कारण बोअरच्या जड पाण्यानं वाळल्यावर पांढरी साय राहते. सुईसारख्या स्फटिकांना (ओकेनाइट, मेसोलाइट, मॉर्डेनाइट) पाणीच लावू नका, ओले केस एकमेकांना चिकटून गुच्छ होतात. अ‍ॅसिड नको. झिओलाइट त्यात झिजतात, काही तर चक्क लगद्यासारखे होतात.

तांबडा गंज बसला असेल तर एक उपाय आहे आणि त्यातली मुख्य वस्तू आपल्याकडे गुऱ्हाळवाल्यांना चांगली माहीत आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून जो 'हायड्रॉस' टाकतात, तोच सोडियम डायथायोनाइट. गुळात तो नको, दगडावर चालतो. तो गंजातलं लोखंड विरघळण्याजोगं करतो आणि सायट्रेट ते धरून ठेवतं. १ लिटर पाण्यात सुमारे ७० ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि ८ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. पीस आत ठेवून ऐन वेळी २० ग्रॅम डायथायोनाइट घाला आणि वर झाकण ठेवा. काही तासांत किंवा एका रात्रीत फरक दिसतो. मग स्वच्छ पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून. द्रावण साठवून ठेवता येत नाही, हवेनं त्याचा दम निघून जातो. झणझणीत वास येतो, म्हणून हे गच्चीत करा. कोरड्या पावडरीच्या डब्यात ओला चमचा घालू नका, ओलसर झाली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. कॅल्साइट असलेला पीस जास्त वेळ ठेवलात तर निस्तेज होतो, आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

दराचं बघू. आकार शेवटी येतो. आधी टोकं शाबूत आहेत का, मग चकाकी, मग रंग, मग मांडणी. पाच सेंटीमीटरचा अखंड हिरवा अ‍ॅपोफिलाइट पंधरा सेंटीमीटरच्या चिपा उडालेल्या ढिगापेक्षा केव्हाही सरस. चिप ओळखायला पीस दिव्याखाली हळूहळू फिरवा. मूळ बाजू एकदम लखकन चमकते, तुटलेली जागा खडबडीत किंवा वेगळ्याच कोनात चमकते. मधल्या मुख्य स्फटिकावर चिप असेल तर सोडा, कडेला असेल तर दर पाडून घ्या.

दहा हजार एका पीसवर लावू नका. हजार-दीड हजारात भिंग, अतिनील टॉर्च आणि छोटा काटा. पाच-सहा हजारांत तीन-चार पीस: एक स्टिल्बाइट, एक अ‍ॅपोफिलाइट, एक पांढरा ओकेनाइट किंवा सुईसारखा स्कोलेसाइट आणि हा निळा कॅव्हनसाइट, पाठ स्वच्छ निघाली तरच. बाकीचे शिल्लक ठेवा. तीन महिन्यांत नजर बदलते आणि तेव्हा पैसे हवे असतात.

मालासोबत ठिकाणाची चिठ्ठी मागा. 'इंडिया' किंवा 'महाराष्ट्र' एवढं लिहिलेली चिठ्ठी जवळपास निरुपयोगी. गाव, शक्य असेल तर खाण, कधी निघाला आणि कुणाकडून घेतला एवढं हवं. दुकानदाराला ठाऊक नसेल तर कोरं ठेवा, अंदाजानं 'जळगाव' लिहू नका. एकदा लिहिलेलं खोटं ठिकाण पुढच्या दहा हातांत खरं होऊन फिरतं. पीसच्या पाठीवर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा ठिपका द्या, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक आणि तोच क्रमांक वहीत. चिठ्ठी हरवते, ठिपका हरवत नाही.

जळगावहून किंवा नाशिकहून कुरिअरनं मागवणार असाल तर पॅकिंग आधी ठरवून घ्या. कापूस नको, त्याचे तंतू स्फटिकांत अडकतात आणि काढताना टोकं मोडतात. झुबक्याला आधी टिश्यू पेपरचे मऊ थर, मग बबल रॅप, मग डबा आणि तो डबा दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चार बोटं कागदाचे बोळे. ओकेनाइट आणि स्कोलेसाइटला टिश्यूही टेकता कामा नये. त्यांच्या खडकाची बैठक डब्याच्या तळाला बांधायची आणि स्फटिक हवेत मोकळे ठेवायचे.

घरी आल्यावर अ‍ॅमेथिस्ट आणि फ्लोराइट खिडकीत ठेवू नका, उन्हानं रंग उडतो. पायराइट (सोनेरी चमकीचं लोखंड-गंधकाचं खनिज) असेल तर आपला जुलै-ऑगस्ट त्याचा वैरी. दमट हवेत, साधारण ६० टक्क्यांच्या वर, तो आतून सडू लागतो, पांढरी-पिवळी भुकटी येते आणि निघणारं अ‍ॅसिड खालची चिठ्ठीही खातं. त्याला सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. लॉमोंटाइटला मात्र नेमकं उलटं. त्याच्या डब्यात जेल घातलंत तर उन्हाळ्यापर्यंत हातात पांढरं पीठ येईल, म्हणून हे दोघे एका डब्यात कधीच नकोत.